मोज्यातली पावलं

चिंचवडहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ४२, बँकेत नोकरी. घरात नवरा, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ निघालं. 'काठावर आहात' असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ताई चालायला लागल्या. चालता चालता पळू लागल्या. यंदा त्यांनी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली आणि आकडा ५.६ वर आला. आता जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन आहे. तिच्या सरावाचे बारा आठवडे दिवाळीच्या सुट्टीवरूनच जातात. भाऊबीजेनंतर चार दिवस सगळ्यांनी तारकर्लीला जायचं ठरलंय आणि त्यातल्या रविवारी ताईंना १६ किलोमीटर पळायचं आहे.

घरच्यांनाही गोडी लागावी म्हणून ताईंनी घटस्थापनेपासून 'फॅमिली चॅलेंज' सुरू केलं. रोज प्रत्येकी १०,००० पावलं, फ्रिजवर तक्ता, त्यात पाच रकाने. आठवड्यात ज्याच्या फुल्या जास्त, त्याने रविवारची भांडी घासायची. दुसऱ्याच आठवड्यात मुलगा पकडला गेला. आजीचा मोबाईल शाळेच्या मोज्यात घालून तो गच्चीत गरगर फिरवत होता. मुलगी आता तक्त्याकडे बघतही नाही. नवरा म्हणाला, "तुझं तू पळ, आम्हाला सुट्टी दे." ताई विचारतात, "मी तारकर्लीला जाऊच नको का? की सगळ्यांना शर्यतीच्या वेळी मुंबईला नेऊ, म्हणजे सहलही होईल? की शर्यतच सोडू? माझ्या तब्येतीसाठी घर एवढंही करू शकत नाही का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी मोज्यापाशी अडले. आधी हसले, मग तो परिच्छेद पुन्हा वाचला. तुम्ही लिहिलंय, 'एवढ्याशा वयात खोटेपणा शिकला.' मला ते चित्र जरा वेगळं दिसलं. आजीच्या रकान्यात सलग पाच फुल्या होत्या, म्हणजे रविवारी ओट्याशी उभं राहून पाच माणसांची भांडी घासायची पाळी आजीवर येणार होती. नातवाने ती चुकवायची वाट काढली. स्वतःच्या रकान्यात त्याने एकही खोटी खूण केली नाही, हे तुमच्याच पत्रात आहे. बुधवारी त्याची स्वतःची फुली होती आणि ती त्याने तशीच ठेवली. पायातला मोजा आणि 'पावलं मोजा' यातला मोजा, पोराने दोन्ही एकाच फटक्यात वापरले. त्याला रागवला असाल तर आज जवळ घ्या. आणि फोन मोज्यात नीट बसवायची युक्ती कुणाची, हेही विचारून घ्या. मला आजींचा संशय आहे.

आता तुमच्याबद्दल. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा मानतात. तुम्ही त्यात होतात आणि पायी चालत बाहेर आलात. त्यावर यवतेश्वराचा घाट. साताऱ्याची शर्यत मी रस्त्याकडेला उभं राहून पाहिली आहे. जाताना सगळा चढ, धुकं, पावसाची भुरभुर, आणि परतीच्या उतारावर मांड्या थरथरत असतात. ते २१ किलोमीटर पूर्ण करणारी बाई आळशी नाही, लहरी नाही आणि स्वार्थीही नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं काही टोचेल.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ. 'माझ्या तब्येतीसाठी घर एवढंही करू शकत नाही का?' या वाक्यात दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या आहेत, तब्येत आणि शर्यत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे ठरवून दिलं, त्याप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम पुरे. भरभर चालणं त्यात येतं. पळणाऱ्याला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. सोबत दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. साखर ताब्यात ठेवायला रविवारचे १६ किलोमीटर लागत नाहीत, ते शर्यतीला लागतात. शर्यत ही हौस आहे, आणि हौस असण्यात काही कमीपणा नाही. कुणी पैठणी घेतं, कुणी रविवारी नाट्यगृहात जाऊन बसतं, तुम्ही पळता. पण हौसेला औषधाचं लेबल लावलं की घरच्यांना बोलायला जागा उरत नाही. 'आई, या रविवारी नको ना' म्हणणारं मूल आपोआप आईच्या तब्येतीवर उठलेलं ठरतं. तुमचा नवरा त्या एका वाक्यात जे म्हणाला, ते मला वाटतं याच कोंडीतून आलं.

आता मला जे खरं दुखणं वाटतं तिकडे येते. पत्राच्या मध्यावर तुम्ही सहज लिहून गेलात, 'रविवारी पावणेपाचला निघते, साडेआठला परत येऊन सगळ्यांचे पोहे करते, माझ्या पळण्यामुळे कुणाचं काही अडू देत नाही.' हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मी ते वाचून पेन खाली ठेवलं. पंधरा-सोळा किलोमीटर पळून आलेली बाई घामेजल्या कपड्यांत कांदा चिरते आणि घर झोपेतून उठतं. बारा आठवड्यांच्या या सरावात एका तरी रविवारी तुम्ही आल्या आल्या पंख्याखाली बसून राहिलात का?

मला असं वाटतं, रागावू नका, की सरावाचा तो छापील तक्ता हा तुमचा रजेचा अर्ज आहे. 'मला सकाळचा एक तास माझा हवा' असं नुसतं म्हटलं तर घरात चार प्रश्न निघतील, निदान तुमच्या मनात तरी निघतील. 'आज प्लॅनमध्ये आठ किलोमीटर आहेत' म्हटलं की कुणी काही बोलत नाही. सासूबाईही नाही, कारण तो डॉक्टरांच्या सल्ल्याचाच पुढचा भाग वाटतो. म्हणून एक शर्यत संपायच्या आत दुसरीचं नाव नोंदवावं लागतं. उन्हाळ्यात शंभर दिवसांचं आव्हान, सप्टेंबरात सातारा, जानेवारीत मुंबई. मध्ये खंड पडला तर तो तास हातून जाईल, ही भीती. मी चुकत असेन तर हा परिच्छेद सोडून द्या. पण बरोबर असेन, तर तुमचं भांडण तारकर्लीशी नाही. बारा महिने, शर्यत असो नसो, सकाळचा एक तास माझा, आणि रविवारचे पोहे घरातला दुसरा कुणीतरी करेल, हे सरळ मागून घ्यायचं राहून गेलंय. तेवढं ठरलं की तारकर्लीचा एक रविवार सोडताना पोटात गोळा येणार नाही. सोमवारी तो तास जागेवर असणार हे ठाऊक असेल.

आणि नवऱ्याला पोहे येत नसतील तर शिकवा. भिजवायचे किती आणि निथळायचे किती, एवढाच काय तो अवघड भाग. पहिले दोन रविवार गिचका होईल, खा.

आता तो तक्ता. दहा हजार हा आकडा आपण वैद्यकशास्त्राने दिल्यासारखा डोक्यावर घेतो. त्याचा उगम जपानमधला आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं, लोकांमध्ये व्यायामाचं वारं आलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा. चालणं वाईट असं मी म्हणत नाही, दहा हजार चाललात तर उत्तमच. पण तो आकडा ७१ वर्षांच्या आणि ९ वर्षांच्या माणसाला एकाच मापाने लावायला निघालात, तिथे गफलत झाली.

सासूबाईंच्या वयाला पावलांपेक्षा तोल महत्त्वाचा. पासष्टीपुढच्या लोकांनी आठवड्यातले तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत असं तीच आरोग्य संघटना सांगते, कारण या वयात पडणं महागात जातं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा आकडे उभं राहणं. गुडघे साथ देत असतील तर जिना. त्यांना रोज मंदिरापर्यंत जाऊन कट्ट्यावर मैत्रिणींशी बोलून परत यायचं असेल, तर ते अडीच हजार पावलांत होतं आणि जीवही रमतो. फुली कसली मारता त्यांना?

मुलाची काळजीच करू नका. गच्चीत मोजा गरगर फिरवणाऱ्या मुलाला व्यायाम कमी पडत नसतो.

मुलीबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय, 'तीही हल्ली जरा अंगाने भरतेय, म्हणून म्हटलं सगळ्यांनीच करू.' म्हणजे पाच रकान्यांचा तक्ता मुळात एका रकान्यासाठी होता. आणि तेरा वर्षांच्या मुलीला हे कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं? या वयात मुलींचं अंग भरतंच, पाळीच्या आगेमागे अंगाची ठेवणच बदलते. त्यात फ्रिजवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी, तिच्या नावापुढे फुल्या. दूधवाल्याचं बिल द्यायला आलेले काका पण वाचणार. तिने त्या तक्त्याकडे पाठ फिरवली ते आळसाने नाही. तिच्यासमोर वजन, पोट, 'एक चकली म्हणजे किती पावलं' हे शब्द बंद करा, स्वतःबद्दल बोलतानासुद्धा. आईने आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवली की मुलगी आपलं पोट चाचपते. फराळ हा पळून कमवायचा पगार नसतो. डब्यात आहे, दिवाळी आहे, खायचा. वाढीची काळजी खरोखरच वाटत असेल तर तिच्या डॉक्टरांकडे एकटीला घेऊन जा, तक्त्याच्या आडून नको.

तुमच्याच पत्रात तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही तक्रार म्हणून सांगितली आणि मला औषध वाटली. गौरीच्या रात्री आत्येबहिणींबरोबर ती बारा वाजेपर्यंत फुगड्या खेळत होती आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर चालायला उठली नाही. अहो, फुगडी घातलीय कधी अलीकडे? हात ताणून, मागे झुकून, पावलं जुळवून गरगरायचं आणि वर उखाणा म्हणायचा. दोन मिनिटांत छाती भात्यासारखी चालते. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, मंगळागौरीची ती सगळी जागरणं म्हणजे आपल्या आज्यांची व्यायामशाळाच होती, फक्त पावलं कुणी लिहून ठेवत नव्हतं. शाळकरी मुलांना दिवसाला सरासरी तासभर हालचाल हवी. तुमच्या लेकीने त्या रात्री तीन दिवसांची भरपाई केली आणि तुम्ही तिला सकाळी सहाला उठवायला गेलात.

इथे माझ्या घरचंही सांगते. आमचे हे पन्नाशीपर्यंत सिंहगड घड्याळ लावून चढायचे. आतकरवाडीतून निघायचं आणि पुणे दरवाजा गाठायचा, वेळ वहीत टिपायची. मी दोन मुलांना घेऊन मागून. वाटेत ताक, काकडी, मीठ लावलेली कैरी, एका उन्हाळ्यात माकडाने हिसकावलेलं कणीस. आम्ही वर पोचेपर्यंत यांचा घाम वाळलेला आणि चेहरा वैतागलेला असायचा. ती वही अजून आहे, त्यात 'बेचाळीस मिनिटं' अधोरेखित आहे. मुलांना विचारलं तर त्यांना फक्त माकड आठवतं. पुढे तोडगा निघाला तो असा: शनिवार त्यांचा, एकट्याचा, वहीचा. रविवार आमचा, वही घरी. त्यात त्यांनाही पिठलं-भाकरी गरम खायला मिळायला लागली.

तुम्ही मांडलेल्या तीन वाटा आता बघू. तारकर्लीला न जाणं, हे मला मुळीच पटत नाही. १६ किलोमीटर कुठेही पळता येतात, पण 'आई पळण्यासाठी घरी थांबली' ही दिवाळी मुलं विसरणार नाहीत. शर्यतीलाच सहल करणं ही दुसरी वाट कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात मुंबईची अर्धमॅरेथॉन पहाटे सुटते. तुम्ही सी लिंकवर असाल तेव्हा दोन पेंगुळलेली मुलं, सासूबाई आणि नवरा गर्दीत उभे असतील, रस्ते बंद, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यांना स्वतःहून टाळ्या वाजवायला यायचं असेल तर जरूर येऊ द्या, पण त्याला त्यांची सुट्टी म्हणू नका. तिसरी वाट, शर्यत सोडणं. अजिबात सोडू नका. रागाने सोडलेली शर्यत घरात वर्षभर भांड्यांच्या आवाजातून ऐकू येते.

चौथी वाट तुमच्या तक्त्यातच आहे. चांगल्या सरावात दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंतर उतरवतात, शरीर सावरायला. तो उतरता आठवडा उचलून तारकर्लीच्या आठवड्यावर ठेवा. लांब पल्ला धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी उरकून घ्या, पुढचा परतल्यावरच्या रविवारी. शर्यतीला अजून नऊ-दहा आठवडे असतील. चार दिवस न पळाल्याने कमावलेला दम कुठे जात नाही. तो ओसरायला दीड-दोन आठवडे पूर्ण बसून राहावं लागतं. आणि शर्यतीच्या आधी दोन आठवडे तुम्हीच अंतर मुद्दाम निम्म्यावर आणणार आहात ना? तेव्हा भीती वाटत नाही, कारण ते छापलेलं असतं. मग ही सुट्टीही पेन्सिलीने छापून घ्या. राहिलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात एकदम भरून काढायला जाऊ नका. पोटऱ्या आणि गुडघे तिथेच जातात.

बूट घेऊन जा, एखाद्या सकाळी अर्धा-पाऊण तास पळा. किनाऱ्यावर पळायचं तर ओहोटीची वेळ साधा, ओली वाळू घट्ट असते. भरतीला उरते ती वरची मऊ वाळू, तिच्यात पाय रुतून पोटऱ्या ओढल्या जातात. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा काल सहाला होती म्हणून आज सहाला नसते. आदल्या संध्याकाळी होडीवाल्यांना विचारा, त्यांना घड्याळ न बघता माहीत असतं. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं एका दिशेने तितकंच उलट पळा, नाहीतर एकाच बाजूचा गुडघा बोलायला लागतो. अंधारात निघू नका. तारकर्लीहून शेजारच्या देवबागला जाणारा रस्ता अरुंद आहे, कुत्री आपली नाहीत आणि घरी कुणी वाट बघत झोपलेलं नसतं, तर जागं राहून काळजी करत असतं. उजाडल्यावर निघा, परत यायची वेळ सांगून. आणि परत आल्यावर घड्याळ बॅगेत.

मग बाकीचा दिवस? त्याची काळजी तारकर्ली घेईल. नशीब असेल तर सकाळी रापण लागलेली दिसेल. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं असतं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर दोन रांगा ओढत असतात. टाचा वाळूत रोवून, मागे रेलून, एका तालात. विचारून घेतलं तर पाहुण्यांना दोराला हात लावू देतात. तुमचा मुलगा दोर सोडणार नाही, आणि मुलगीही, लांबून बघत बघत, शेवटी येईलच. जाळ्याची खोळ जवळ येते तेव्हा आत बांगडे, तारल्या चमकतात आणि वर घारी जमतात. एक दिवस मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जा. १६६४ साली महाराजांनी पाया घातलेला हा किल्ला, तटाचा घेर जवळजवळ तीन किलोमीटर. फिरून या, सासूबाईंना जमेल तिथपर्यंत, पुढे सावलीत बसवा. पावलं किती झाली हे बघायचंच असेल तर एकटीने, रात्री, पांघरुणात बघा. कुणाला सांगू नका.

अशीच पत्रं आणखी चौघा-पाचांची आली आहेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठीही. भिंतीवरचं नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की पळणारी, सायकल मारणारी मंडळी आधी शर्यतीच्या तारखांना गोल करतात आणि सण, सहली उरलेल्या जागेत कोंबतात. उलट करून बघा. आधी गणपती, दिवाळी, मुलांच्या सहामाही-वार्षिक, मे महिन्यातलं आजोळ. गणपती तर दरवर्षी जागा बदलतो, अधिक महिना आला की थेट सप्टेंबरच्या मध्यावर जातो, तेव्हा गेल्या वर्षीच्या हिशेबावर विसंबू नका. मग मोकळे महिने कुठले राहतात ते दिसतं. आपल्याकडे पळायला हवा छान असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा वर्षाला एक मोठं आव्हान त्या थंडीत घ्या. बाकीचं वर्ष राखण्यापुरतं. एकाने लिहिलंय की तो संकष्टीच्या निर्जळी उपासातच वीस किलोमीटर सायकल मारतो, 'इच्छाशक्ती वाढते' म्हणून. भाऊ, इच्छाशक्तीला राहू द्या, पाणी प्या. किंवा त्या दिवशी सायकल पुसून ठेवा.

आणि दिवाळीत घरातल्या सगळ्यांनी घाम गाळावा अशी इच्छा असेल, तर त्यासाठी आपल्याकडे आधीपासून एक गोष्ट आहे. मातीचा किल्ला. सोसायटीच्या कोपऱ्यात जागा मागा. माती पोत्यातून आणायची, विटा वाहायच्या, पाणी आणून चिखल तुडवायचा, उकिडवं बसून पायऱ्या कोरायच्या, हळीव पेरायचे. दोन दिवसांनी मांड्या अशा भरून येतात की यवतेश्वर बरा म्हणाल. सासूबाई खुर्ची टाकून बसतील आणि बुरूज वाकडा आहे म्हणून सांगतील. मुलगी मावळे रंगवेल किंवा रंगवणार नाही, तिच्यावर सोडा. त्या वेळी तुम्ही काय करायचं? माती आणायची. मुकादम व्हायचं नाही.

या रविवारी पळून आलात की आंघोळ करून बसा. पोह्यांचा वास येतोय का बघा. मग सगळ्यांसमोर बोला, फार लांबवू नका: 'जानेवारीची शर्यत माझी हौस आहे. सकाळचा एक तास मला वर्षभर हवा. तारकर्लीला मी पूर्ण चार दिवस तुमची.' लेकीला वेगळं गाठा, तिच्याशी तक्त्याबद्दल बोला, जमलं तर माफी मागा. मग तो कागद फ्रिजवरून काढा. मागची बाजू कोरी असेल, ती मुलाला द्या, किल्ल्याचा नकाशा काढायला लागेलच.